पानामागचा निळा

४ मार्च

चिमटा भावोजी,

पाणी भरून झालं होतं, कपडे भिजत घातले होते, आणि दूध गॅसवर ठेवून मी मुलाच्या शर्टाला बटण लावत उभी होते. रविवार होता. तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, "जिन्याखालच्या कपाटात चल जरा."

"आत्ता? दूध ठेवलंय."

"एक मिनिट फक्त."

ह्यांचं एक मिनिट मला लग्नापासून माहीत होतं. तरी गेले. केरसुण्या, रिकामे डबे, त्यात ह्यांनी बॅटरीची पेटी मांडलेली. तिच्या दोन वायरींमध्ये तुमच्या निळ्या दिव्याचा मोहरीएवढा तुकडा. कपाटाच्या फटींना जुनं ब्लँकेट लावलेलं.

"मला हल्ली निळा सगळीकडे दिसतो," हे म्हणाले. "काल आंघोळीच्या बादलीत दिसला. मी साक्षीदार म्हणून बाद. तू बघ. पण डोळ्यांना अंधार सरावू दे. शंभर मोज, मग सांग."

मी डोकं आत घातलं. भावोजी, मी शंभर मोजले नाहीत. दहाही मोजले नसतील. माझा सगळा जीव त्या दुधात. "काही नाही," म्हटलं आणि पळाले. दूध काठाशी येऊन थांबलं होतं, उतू गेलं नव्हतं. मागे वळून बघते तर हे वहीत लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "आमचं निळ्याचं काम बंद केलं." मी ताट वाढलं. कशामुळे बंद, ते विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला माहीत आहे. आजही तसंच वाटतं.

पुढे ह्यांना ट्यूबलाइट तपासायच्या खात्यात टाकलं, तिथेच निवृत्त झाले. तुम्ही नव्या कारखान्यात गेलात, मोठे झालात. काही वर्षांनी पेपरात आलं की दूरदेशी कोणीतरी तुमच्याच पदार्थातून लख्ख निळा दिवा काढला. ह्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. "बघ, आम्ही वाट चुकलो नव्हतो," म्हणाले, आणि खुशीत दोनदा चहा प्यायले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता हे सगळं का उकरते आहे, ते सांगते. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा नर्सबाईंचा डगला निळा निघाला. दोन दिवस मी तो राखाडी समजून बोलत होते. आता डावा डोळा झाकला की चादर पांढरी, उजवा झाकला की तीच चादर कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखी. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांतून निळा किती गळला असेल, याचा हिशेब मनात सुरू झाला आणि गाडी त्या कपाटापाशी जाऊन थांबली. तेव्हा तर मी पस्तिशीची होते. डोळे चांगले होते. बघितलंच नाही, एवढंच.

गल्लीतले दिवे बदलून पांढरे झाले, जिन्यातले झाले. माझ्या स्वयंपाकघरात अजून जुना पिवळा बल्ब आहे. ते बनायचे बंद होणार असं वाचलं तेव्हा मी खोकंभर घेऊन ठेवले. सगळ्यांना सांगते की पांढरा दिवा डोळ्यांना टोचतो. खरं कारण पहिल्यांदा तुम्हाला लिहिते आहे. त्या दिव्याखाली उभं राहायचं मला तोंड नाही.

तुम्ही ह्यांच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं काम केलंत. तुम्हाला विचारते. मी नीट बघितलं असतं तर तुमचं काम चालू राहिलं असतं का? हो की नाही, एवढंच लिहा. समजूत घालू नका. हे गेल्यापासूनच्या सहा वर्षांत समजूत घालणारे पुष्कळ येऊन गेले.

तुमची वहिनी

१५ मार्च

वहिनींना नमस्कार,

पाकिटावरचं तुमचं अक्षर बघून आधी घाबरलोच. या वयात हाताने लिहिलेलं पत्र म्हणजे एक तर आमंत्रण, नाही तर बातमी. उघडून वाचलं आणि हायसं वाटलं. डोळा बरा झाला ना? मग सगळं बरं. "चिमटा" हे नाव तीस वर्षांनी कानावर आलं. ही म्हणते, "नाव अगदी योग्य ठेवलं होतं, अजून भाजीतली मिरचीसुद्धा चिमट्याने उचलल्यासारखी उचलता."

वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. दिवा ही चीज तेव्हा कशी अडली होती ते सांगतो. वीज लावली की उजेड देणारे खड्याएवढे दिवे आमच्याकडे होते. लाल होता, हिरवा होता. रेडिओवर, गणकयंत्रावर लुकलुकायला पुरेसे. पण निळा नाही म्हणून पांढरा नाही, आणि पांढरा नाही म्हणून घरात लावता येत नाही. जगभरची माणसं निळ्याच्या मागे होती आणि त्यातली बहुतेक आमच्यापेक्षा वेगळाच पदार्थ घेऊन बसली होती. आमचा गॅलियम नायट्राइड म्हणजे सगळ्यांनी टाकून दिलेलं हट्टी पोर. स्फटिक भेगाळायचा, भट्टी बिघडायची. तुमचे हे, म्हणजे आमचे दादा, त्या भट्टीशी सासूशी बोलावं तसं अदबीने बोलायचे.

अशा जागी एका बाईने एका सकाळी "काही नाही" म्हटल्यामुळे काय होणार आहे? विसरा. दादांच्या वह्या आता असत्या तर दोन मिनिटांत दाखवलं असतं, पण त्या भांडारातून केव्हाच रद्दीत गेल्या असणार. तो दिवससुद्धा मला धड आठवत नाही. मी बहुधा रजेवर होतो.

पिवळे बल्ब फेका आता. वीज खातात आणि उन्हाळ्यात घर तापवतात. ज्या दिव्यांवर मी जन्म काढला, त्यांची एवढी तरी जाहिरात करू द्या.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी?

तुमचा
चिमटा

२४ मार्च

चिमटा भावोजी,

मी एक ओळ मागितली होती. तुम्ही चार विनोद पाठवलेत. त्यांत 'हो' नाही, 'नाही'ही नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. ग्रंथालयातून आणून, सामान बांधून आलेल्या कागदांवरचं, पेपरातलं, ह्यांच्या पुस्तकांतलं, जे कळेल ते वाचत आले. एवढं शिकले की माणूस उत्तराला वळसा घालून गेला की ओळखू येतं.

आणि वही रद्दीत गेलेली नाही. ती माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी हे सगळ्या वह्या पिशवीत घालून घेऊन आले, "ह्यांना तिकडे कोण वाचणार," म्हणून. मी दर वर्षी उन्हात घालते. आकडे कळत नाहीत, पण त्या रविवारचं पान पाठ आहे. निळ्या शाईत, ह्यांच्या उभ्या अक्षरात. जसंच्या तसं उतरवते:

"रविवार. घरी, कपाट. नमुना ११२. तार: चि. बॅटरी ९. मी: निळा, पण मी बाद. ती: काही नाही."

बस. पुढच्या पानावर भट्टी विझवल्याची तारीख आहे आणि मग वही कोरी. माझ्या शब्दानंतर कामाचा एकही शब्द नाही. तुम्हीच सांगा, मी काय समजावं?

त्यातलं "तार: चि." म्हणजे काय, तेही लिहा. बाकीचं माझं मला लागलं, तेवढंच कधी लागलं नाही.

इकडे काल सकाळी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. खोक्यात एकच उरला होता. मी माळ्यावरून खोकं काढायला सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आई, हे घर आहे की संग्रहालय?"

"असू दे. तिकीट लाव."

"तो शेवटचा गेला की?"

"मग बघू."

सून मध्ये पडली, "अहो, लावा ना त्यांना हवा तो. त्यांचं स्वयंपाकघर आहे." तिने नवा पांढरा दिवा केव्हाचा आणून फडताळात ठेवला आहे, मला माहीत आहे. ती बोलत नाही. मीही बोलत नाही. दोघीही त्या फडताळातून रोज डबे काढतो.

उत्तराची वाट बघते. एका ओळीच्या.

वहिनी

२ मे

भावोजी,

पाच आठवडे झाले. आधी वाटलं तब्येत बरी नसेल. तुमच्या घरी फोन केला तर तुमच्या मंडळींनी उचलला. म्हणाल्या, ठणठणीत आहेत, बागेत माती उकरत बसतात, बोलत नाहीत.

तेव्हा मला उत्तर मिळालं असं समजते. तुम्हाला "हो" लिहवत नाही. तुमचा स्वभाव तेव्हाही असाच होता, कोणाला दुखवेल असं तोंडातून निघायचं नाही. माझ्यामुळे तुमच्या जिवाला घोर लागला, माफ करा. पुन्हा विचारणार नाही.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली होती. मी पुढे ढकलली. आहे तेवढं दिसणं पुरे.

वहिनी

११ मे

वहिनी,

तुमचं दोन तारखेचं पत्र हिने वाचलं आणि ते माझ्यासमोर टेबलावर आपटलं. म्हणाली, "त्या बाई स्वतःला दोष देऊन डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलताहेत आणि तुम्ही वांग्यांना खत घाला!" मग तिने सगळा पत्रव्यवहार मागून घेतला. मला मुकाट्याने द्यावा लागला.

तार: चि. म्हणजे मी. चिमटा.

त्या मोहरीएवढ्या तुकड्याला वीज पोचवायला त्याच्यावर मऊ धातूचा ठिपका दाबायचा आणि त्यात केसाहून बारीक तार बसवायची, हे काम माझं होतं. भिंगाखाली, चिमट्याने. बसवली की मीटर लावून प्रवाह जातो का ते बघायचं, मगच नमुना हातावेगळा करायचा. त्या शनिवारी मी मीटर लावला नाही. घाई होती. मला गाडी पकडायची होती. सोमवारी दुसऱ्या गावी माझी मुलाखत होती, त्या नव्या कारखान्यात. दादांना मी पोटदुखीची चिठ्ठी दिली. सहा वर्षं ज्या माणसाने मला हाताला धरून शिकवलं, त्याच्याशी खोटं बोललो, आणि जाता जाता अर्धवट काम त्यांच्या हातात ठेवून गेलो. त्यांनी विश्वासाने ते खिशात घातलं आणि घरी नेलं.

मंगळवारी परत आलो तर भट्टी गार. दादांना विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "झालं ते झालं, चहा पी." मी चहा प्यायलो. पुढचं विचारायची छाती झाली नाही. महिन्याभरात नोकरी लागली आणि मी सटकलो. त्या नोकरीवर घर बांधलं, पोरं शिकवली. पहिला पांढरा दिवा आमच्या कारखान्यातून निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या डोक्यात एकच होतं: ती तार सुटली असणार. म्हणून तिकडे भट्टी विझली.

आणि मग तुमचं पत्र आलं. "तार: चि. म्हणजे काय." मला वाटलं, वहिनींना सगळं माहीत आहे आणि त्या माझ्याच तोंडून वदवून घेताहेत. म्हणून गप्प बसलो. हिने ते वाचून कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना खरंच माहीत नाही! टोमणा मारणारी बाई इतकं साधं लिहीत नाही." हिला टोमण्यातलं कळतं, तेव्हा मान्य करणं भाग आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं एका ओळीचं उत्तर: नाही. तुम्ही शंभर मोजले असते, हजार मोजले असते, तरी माझी तार सुटलेली असेल तर तिथे बघायला काही नव्हतं.

पण "असेल तर" हे माझं. खात्री एकाच ठिकाणी होईल. तुम्ही उतरवलेल्या पानात एक गोष्ट नाही, ती मला पहिल्याच दिवशी खटकली होती आणि मी मुद्दाम बोललो नाही. दादांचा नियम होता. जे दिसलं ते उजव्या पानावर शाईने, तिथल्या तिथे. नंतर काही वेगळं कळलं तर शाई खोडायची नाही, पुढच्या पानावरही लिहायचं नाही. त्याच पानाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "ज्याने वाचायचं त्याला आधी माझी चूक दिसू दे, मग पान उलटल्यावर मी सुधारलो का ते कळेल."

पान उलटा, वहिनी. काय निघेल मला माहीत नाही. माझं नाव निघेल. निघू दे.

चिमटा

१९ मे

चिमटा भावोजी,

पान उलटलं.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या पेन्सिलीच्या ओळी वही घरी आल्यापासून मी बघत आले आहे. वहीच्या सगळ्याच पानांच्या पाठी पेन्सिलीने भरलेल्या आहेत, आकडे, बाण, आडवं तिडवं. मला वाटायचं हे कच्चं काम. शाळेत बाई सांगायच्या, पक्कं ते शाईत, कच्चं ते पेन्सिलीत, आणि कच्चं तपासत नाहीत. चौथीपर्यंतची शाळा असली तरी पक्की बसली होती. वाचायची एवढी हौस, आणि अर्धी वही न वाचता उन्हात घालत आले.

पेन्सिल फिकी झाली होती. सकाळी खिडकीत बसून उजव्या डोळ्याने वाचलं. डाव्याला ते दिसतच नव्हतं. हे आहे:

"सोमवार, साडेसात. मीटर लावला, प्रवाह शून्य. भिंगाखाली तार सुटलेली. डबीत कापूस घालायला मीच विसरलो, सायकलवर हादरली. म्हणजे काल दिवा लागलाच नव्हता. मला दिसला तो नव्हताच. ती बरोबर.

तार पुन्हा बसवली. आठ दहा: निळा. फिका, पण आहे. शंभर मोजावे लागतात.

साहेबांना दाखवला. म्हणाले, एवढा फिका इतरांनीही पाहिलाय. खरं आहे, लख्ख व्हायला अजून फार लांब जायचं होतं. बंदचा कागद टेबलावर होता, सहीसकट. तारीख शुक्रवारची.

चि. ची पोटदुखी: बुटांना पॉलिश करून कोणी पोटदुखीवर जात नाही. नोकरी मिळो.

तिला पुन्हा दाखवायचा."

भावोजी, शुक्रवारची तारीख. तुम्ही तार बसवलीत शनिवारी. मी कपाटात डोकं घातलं रविवारी. साहेबांनी सही केली होती शुक्रवारी. आपण दोघं तीस वर्षं ज्या दाराला खांदा लावून रडत होतो, ते आधीच बंद झालेलं होतं.

आणि दोष ह्यांनी स्वतःवर घेतलाय, कापसाचा. तुम्ही म्हणता मीटरचा, मी म्हणते दुधाचा, हे म्हणतात कापसाचा. तिघांनी एकाच मोहरीएवढ्या तुकड्याला तीन बाजूंनी धरून ठेवलं होतं. मी ते वाचून खिडकीत एकटीच हसले. मोठ्याने. सून धावत आली, "आई, काय झालं?" म्हटलं, "काही नाही," आणि तो शब्द ऐकून आणखीच हसू आलं. मग तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे मामंजींना भास होत होता आणि तुम्हाला खरं दिसत होतं!" ह्यांच्या नावावर विनोद झालेला मला पहिल्यांदाच आवडला.

तुमच्या पॉलिशच्या बुटांचं मात्र मी तुम्हाला ऐकवणार आहे. ह्यांना सगळं माहीत होतं, आणि तुम्हाला नोकरी मिळो असं वहीत लिहून ठेवलं होतं. त्यांना विचारलं असतंत तर इतकी वर्षं हलकी गेली असती. मी तरी कुठे विचारलं म्हणा. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही. ह्यांना वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय उरलंय.

शेवटची ओळ मात्र पुन्हा पुन्हा वाचते. "तिला पुन्हा दाखवायचा." राहूनच गेलं. त्याच दिवशी नमुने जमा करून घेतले असतील. दाखवला असता तर मी दूध उतरवून ठेवून शांतपणे बघितला असता. त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं ठीक आहे. ह्यांच्या आठवणीत बसवण्यासारखं आहे. दुसरं जे होतं ते बसवता येत नव्हतं, नुसतं टोचत होतं.

डाव्या डोळ्याची नवी तारीख घेतली.

वहिनी

२८ मे

वहिनी,

तुमचं पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. "नोकरी मिळो" पर्यंत वाचलं आणि पुढचं हिने वाचलं.

बूट मी बागेत उभ्यानेच पॉलिश केले आज. कशासाठी, माहीत नाही. ही म्हणाली, "पोट दुखतंय का?" आता हे मला जन्मभर ऐकायचं आहे.

दादांचं राहिलेलं काम माझ्याने होण्यासारखं आहे असं वाटतं, म्हणून लिहितो. तुमच्या सुनेने फडताळात ठेवलेला तो पांढरा दिवा. त्याच्या आत काय असतं माहीत आहे? निळा. तोच, आमच्याच पदार्थातला, फक्त लख्ख. त्या निळ्यावर पिवळी पूड लावलेली असते. थोडा निळा पुडीतून तसाच बाहेर येतो, थोड्याचा ती पिवळा करते, आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. जगात जिथे जिथे असा पांढरा दिवा लागतो, तिथे आत निळा बसलेला असतो. तुमच्या गल्लीत, जिन्यात, ऑपरेशनच्या खोलीत बहुधा तोच होता.

तो बघायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. घरात गाण्यांची एखादी जुनी चकती, सीडी, असेल, आरशासारखी चकाकणारी. दिव्याखाली तिरकी धरा आणि हळूहळू कलवा. पांढरा उजेड फुटून पट्टे दिसतील. हिरवा, पिवळा, लाल एकमेकांत मिसळलेले असतील, पण निळा त्यांच्यापासून जरा सुटा, ठसठशीत, एकटा उभा असेल. पिवळ्या बल्बखाली आधी धरून बघा, म्हणजे फरक कळेल. तिथे निळा नावापुरता.

स्टुलावर चढताना सुनेला धरायला सांगा.

तुमचा
चिमटा

६ जून

चिमटा भावोजी,

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. मुलगा चकती शोधायला लागला तर त्याच्या लग्नातल्या गाण्यांची निघाली. "जपून हं," म्हणाला. सून म्हणाली, "आता बरं जपताय, दहा वर्षं त्या कपाटाकडे फिरकला नाहीत."

शेवटचा पिवळा बल्ब अजून चालू होता. आधी त्याच्याखाली चकती धरली. तांबूस, पिवळं, थोडं हिरवं. निळ्याच्या जागी जेमतेम काहीतरी. एवढ्यावर मी तीस वर्षं स्वयंपाक केला. बल्ब गेला नसताना काढायचा, हे मात्र मनाला पटेना. चालता माणूस उठवून लावावा तसं वाटत होतं. म्हणून त्या दिवशी काही केलं नाही. संध्याकाळी ह्यांच्या फोटोपाशी वही त्या पानावर उघडून ठेवली, पाठ वर करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, कपडे भिजत घातले, दूध तापवून गॅस बंद केला. सुनेने स्टूल धरलं. मी वर चढून पिवळा बल्ब काढला, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि पांढरा लावला. खिडकी लावून घेतली, चकती तिरकी धरली. निळा पहिल्या अंकालाच दिसला. तरी मी शंभर पूर्ण मोजले.

वहिनी